इंग्रजी वाक्याच्या पोटातली मराठी

सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागले की शहर मागे पडते आणि कुंभारी येते. दक्षिण सोलापूर तालुक्यातले हे गाव आता घरांच्या रांगांवरून ओळखले जाते. कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार महिलांसाठी उभी राहिलेली दहा हजार घरांची वसाहत इथलीच. २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिथल्या घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. पुढे असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचा रे नगर प्रकल्प आला. त्यातली पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते कामगारांना मिळाली. विड्या वळणारी, यंत्रमागावर उभी राहणारी, शिवणकाम करणारी ही वस्ती आहे, आणि तिच्या तोंडी एक भाषा नाही, चार आहेत: मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू.

या चार भाषांची एक गंमत आहे. ‘मला दोन धाकटे भाऊ आहेत’ हे वाक्य घ्या. कन्नडमध्ये ते होते ‘ननगे इब्बरु तम्मंदिरु इद्दारे’. तेलुगूत ‘नाकु इद्दरु तम्मुळ्ळु उन्नारु’. दखनीत ‘मेरेकू दो छोटे भाई हैं’. आधी ‘मला’, मग ‘दोन’, मग भाऊ आणि सगळ्यात शेवटी ‘आहेत’. शब्द बदलले, पण जागा एकाचीही बदलली नाही. किराणा दुकानातला माणूस एका गिऱ्हाइकाशी तेलुगूत आणि दुसऱ्याशी कन्नडमध्ये बोलतो, तेव्हा त्याला वाक्य नव्याने जुळवावे लागत नाही. सांगाडा तोच ठेवून वरचे शब्द तेवढे बदलले की काम भागते.

हे फक्त सोलापुरात घडत नाही. सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी गावातली मराठी, कन्नड आणि उर्दू शेजारी शेजारी ठेवून तपासली आणि १९७१ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. पिढ्यान्‌पिढ्या एकाच गावात नांदून या भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली होती, की एका भाषेतले वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत नेता येत होते. भाषाशास्त्राच्या जगात कुपवाडचे नाव त्या निबंधामुळे आजही घेतले जाते.

सोलापूरच्या माणसाला ही शब्दाला शब्द ठेवण्याची सवय जन्मापासून असते, आणि चार भाषांत ती त्याला कधी दगा देत नाही. दगा देते ती पाचव्या भाषेत. इंग्रजीत क्रियापद शेवटी बसत नाही, मधेच येते. ‘मला’ भाऊ ‘आहेत’ असेही इंग्रजी म्हणत नाही. तिथे माणूस कर्ता होतो आणि भाऊ त्याच्या मालकीचे: ‘आय हॅव टू यंगर ब्रदर्स’. शब्दाला शब्द ठेवून इथे पोहोचता येत नाही. मग हात जवळच्या दोरीला जातो आणि कागदावर उतरते ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’.

अशा वाक्यांना हसण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. ती चुकतात ती मात्र एका पद्धतीने, आणि पद्धत सापडली की दुरुस्तीही सापडते. समजा, कुंभारीतल्या एका मुलीला कारखान्याच्या ऑफिसात नोकरी हवी आहे आणि तिने इंग्रजीत अर्ज लिहिला आहे. अर्ज काल्पनिक असला, तरी त्यातले प्रत्येक वाक्य झेरॉक्सच्या दुकानात रोज छापले जाते:

‘विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट दॅट आय ॲम वर्किंग इन टॉवेल फॅक्टरी फ्रॉम थ्री इयर्स. दो माय एज्युकेशन इज ट्वेल्थ पास बट आय ॲम नोइंग कॉम्प्युटर ऑल्सो. आय हॅव गिव्हन टायपिंग एक्झाम इन २०२२. प्लीज टेल टू मी व्हेन इज द इंटरव्ह्यू. काइंडली डू द नीडफुल अँड ऑब्लाइज.’

पाच वाक्ये आहेत. अर्थ कळतो. तरीही वाचणारा पाच ठिकाणी ठेचकाळतो.

पहिली ठेच ‘फ्रॉम थ्री इयर्स’ची. मराठीत ‘सोमवारपासून’ आणि ‘तीन वर्षांपासून’ दोन्हीकडे एकच ‘पासून’ लागतो. इंग्रजी मात्र दोन वेगळे शब्द मागते. काळाचा एक बिंदू सांगायचा असेल तर ‘सिन्स’: सिन्स मंडे, सिन्स २०२१. कालावधीची लांबी सांगायची असेल तर ‘फॉर’: फॉर टू डेज, फॉर थ्री इयर्स. दवाखान्यातल्या केसपेपरवर दिसणारे ‘फीव्हर सिन्स टू डेज’ हे याच ‘पासून’चे अपत्य आहे आणि ते एकट्या महाराष्ट्राचे नाही. भारतभरच्या डॉक्टरांच्या लिखाणात ते इतके रुळले आहे, की रुग्णाला दोन दिवस ताप आहे याबद्दल कुणाच्याच मनात संशय राहत नाही. अर्जातले वाक्य मात्र दुरुस्त करायला हवे, आणि ते सोपे आहे: ‘आय हॅव बीन वर्किंग इन अ टॉवेल फॅक्टरी फॉर थ्री इयर्स’. मूळच्या सतरा शब्दांचे अकरा झाले, तेही एक ‘अ’ जास्तीचा घालून.

तो ‘अ’ही मराठी माणसाला सतावतो. मराठीत ‘अ’ आणि ‘द’ यांच्या तोडीचे काही नाही. ‘मी कारखान्यात काम करते’ म्हटले की कुठला तरी एक कारखाना की आपल्या बोलण्यात आलेला तोच, हे ऐकणारा संदर्भावरून समजून घेतो. इंग्रजीत हा खुलासा प्रत्येक नामाआधी करावा लागतो. नवी ओळख असेल तर ‘अ’, ओळख झालेली असेल तर ‘द’, एवढे धरून चालले तरी निम्म्याहून अधिक जागा बरोबर येतात.

दुसरे वाक्य जरी-तरीचे. मराठीत ‘जरी’ आला की त्याच्या मागोमाग ‘तरी’ येतोच. जर-तर, जेव्हा-तेव्हा, जो-तो, जितके-तितके: आपली संयुक्त वाक्ये बैलजोडीसारखी चालतात, एका बैलाने गाडा ओढला तर अवघडल्यासारखे वाटते. इंग्रजी गाड्याला बैल एकच. ‘दो’ घेतला तर ‘बट’ नको, ‘बट’ घेतला तर ‘दो’ नको. ‘बिकॉज’ने सुरू झालेल्या वाक्यात मधे ‘सो’ येतो तोही याच जोडीच्या सवयीने, कारण मराठीत ‘पाऊस होता म्हणून’ आणि ‘कारण पाऊस होता’ दोन्ही जिभेवर तयार असतात.

त्याच वाक्यातले ‘आय ॲम नोइंग’ आणि आधीचे ‘आय ॲम हॅविंग’ ही भावंडे. मराठीत ‘मला समजतंय’, ‘मला वाटतंय’, ‘मला आठवतंय’ हे सगळे बिनधोक चालते. इंग्रजीत ‘-इंग’ हे रूप घडत असलेल्या कृतीसाठी असते: चालणे, शिवणे, लिहिणे. माहीत असणे, हवे असणे, जवळ असणे, समजणे या स्थिती आहेत, आणि स्थितीला सहसा ‘-इंग’ लागत नाही. मॅकडोनाल्ड्सने २००३ मध्ये ‘आय ॲम लव्हिंग इट’ हे घोषवाक्य आणले, तेव्हा त्याने हाच नियम जाणूनबुजून वाकवला आणि लोकांचे लक्ष वेधून घेतले. जाहिरातीला ते शोभते, अर्जाला नाही.

हे ‘-इंग’ प्रकरण साहित्यातही पोहोचले आहे. मुंबईतल्या बेने इस्रायल समाजात जन्मलेले कवी निसिम इझिकेल यांनी भारतीय माणसाच्या इंग्रजीत काही कविता लिहिल्या. ‘गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.’ ही त्यातली सर्वांत गाजलेली. निरोपसमारंभातल्या भाषणाचे ते सोंग आहे आणि त्याचा सगळा ठेका या ‘-इंग’वर उभा आहे. ती वाचताना हसू येते, पण भाषण करणारा माणूस आपल्याच ऑफिसातला वाटतो.

तिसरे वाक्य: ‘आय हॅव गिव्हन टायपिंग एक्झाम इन २०२२’. यात दोन मराठी वाक्ये दडली आहेत. मराठीत विद्यार्थी परीक्षा ‘देतो’ आणि शिक्षक ‘घेतात’. इंग्रजीत नेमके उलटे. परीक्षा देणारा ‘टेक्स’ करतो आणि मास्तर ‘गिव्ह’ करतात. ‘आय हॅव गिव्हन ॲन एक्झाम’ असे एखाद्या इंग्रजाने वाचले तर अर्जदार बाई शिक्षिका आहेत असे त्याला वाटेल. दुसरी अडचण ‘हॅव’ची. ‘मी २०२२ मध्ये परीक्षा दिली आहे’ किंवा ‘तुमचे पत्र काल मिळाले आहे’ ही वाक्ये मराठीत अगदी शुद्ध आहेत. इंग्रजीत वाक्यात संपलेल्या काळाचा उल्लेख आला, म्हणजे काल, गेल्या वर्षी, २०२२ मध्ये असे काही आले, की ‘हॅव’ने बाजूला व्हायचे. ‘आय पास्ड द टायपिंग एक्झाम इन २०२२’ म्हटले की परीक्षा दिल्याचे आणि पास झाल्याचे दोन्ही एकदमच सांगून होते.

चौथ्या वाक्यात ‘टेल टू मी’ आहे. हे आपल्या ‘ला’चे काम. मला सांगा, त्याला विचारा, सोलापूरला पोहोचलो. इंग्रजीत ‘से’ला ‘टू’ लागतो, ‘टेल’ला आणि ‘आस्क’ला लागत नाही, ‘रीच’ला तर मुळीच नाही. ‘गो’ला लागतो, पण घरी जायचे असेल तर ‘गो होम’. यात तर्क शोधण्यात अर्थ नाही. क्रियापद पाठ करताना त्याच्या पाठीमागे काय लागते तेही सोबतच पाठ करावे लागते. ‘डिस्कस अबाउट’मधला जादा ‘अबाउट’ आपल्या ‘विषयी चर्चा’मधून येतो आणि ‘मॅरीड विथ’मधला ‘विथ’ आपल्या ‘हिच्याशी लग्न’मधून.

त्याच वाक्याचा उरलेला भाग ‘व्हेन इज द इंटरव्ह्यू’. मराठीत ‘मुलाखत कधी आहे?’ हा प्रश्न आणि ‘मुलाखत कधी आहे ते सांगा’ यातला तुकडा, दोन्हींची मांडणी एकच. इंग्रजीत प्रश्न विचारताना शब्दांची उलटापालट होते. पण तोच प्रश्न मोठ्या वाक्याच्या पोटात गेला की ते शब्द पुन्हा सरळ होतात: ‘प्लीज लेट मी नो व्हेन द इंटरव्ह्यू इज’. ‘आय डोन्ट नो व्हॉट इज हिज नेम’ हे वाक्य भल्याभल्यांच्या ईमेलमध्ये सापडते. मधला ‘इज’ शेवटी नेला की ते बरोबर.

पाचव्या वाक्याची गोष्ट निराळी आहे. ‘डू द नीडफुल’ला व्याकरणाच्या दृष्टीने कसलाही दोष नाही. ते एके काळी इंग्रजांच्याच कचेऱ्यांतले चलनी नाणे होते. तिथे ते मागे पडले, इथे फायलींमध्ये टिकले. ‘आय बेग टू स्टेट’, ‘विथ ड्यू रिस्पेक्ट’, ‘अँड ऑब्लाइज’ याच घरातले. ब्रिटिश सरकारलाही आपल्या बाबूंच्या या भाषेचा कंटाळा आला होता. अर्थखात्याच्या सांगण्यावरून सर अर्नेस्ट गोवर्स यांनी सरकारी नोकरांना साधे इंग्रजी शिकवणारे ‘प्लेन वर्ड्स’ हे पुस्तक लिहिले. ते १९४८ मध्ये आले, म्हणजे साहेब इथून गेल्याच्या दुसऱ्या वर्षी. साहेबाने मायदेशी ही झाडलोट काढली तेव्हा आपण त्याची जुनी रद्दी जपून ठेवायला घेतली होती.

‘च’ या एका अक्षराचा वेगळा विचार करायला हवा, कारण मराठीत त्याच्याइतके कष्ट दुसरे अक्षर करत नाही. ‘आजच’, ‘मीच’, ‘इथेच’. कन्नडमध्ये हेच काम शेवटचा ‘ए’ करतो: इवत्ते. तेलुगूतही तसेच: ईरोजे. दखनीने तर मराठीचा ‘च’च उचलून ‘मैंइच’ केला. चारही भाषांत शब्दाला शेपूट लावले की जोर येतो. इंग्रजीत असे शेपूट नाही. मग ‘आजच’चे ‘टुडे इटसेल्फ’ होते आणि ‘मीच त्याला सांगितले’चे ‘आय ओन्ली टोल्ड हिम’. यातले पहिले भारतात खपून जाते. दुसरे फसवते, कारण इंग्रजाच्या कानाला त्याचा अर्थ ‘मी त्याला नुसते सांगितले, बाकी काही केले नाही’ असा लागतो. इंग्रजी बोलण्यात हा जोर आवाजाने येतो. लिहिताना ‘आय टोल्ड हिम मायसेल्फ’ म्हणावे लागते.

आता कात्री आणि केस. मराठीत कात्री एक, चष्मा एक, पँटही एक. इंग्रजीत दोन पाती, दोन काचा, दोन पाय मोजले जातात, म्हणून सिझर्स, स्पेक्टॅकल्स आणि ट्राउझर्स ही सदाची अनेकवचने. शिवणकामावर जगणाऱ्या गावात ‘सिझर’ आणि ‘ट्राउझर’ हे शब्द दिवसातून शंभरदा उच्चारले जातात आणि बोलण्यात ते तसेच राहिले तरी कुणाचे बिघडत नाही. बिलावर किंवा कोटेशनवर मात्र ‘स’ हवा. केसांचे याच्या उलट. मराठीत ‘माझे केस गळतात’ हे अनेकवचन, म्हणून ‘माय हेअर्स आर फॉलिंग’. इंग्रजीत डोक्यावरचे सगळे मिळून एकच ‘हेअर’. फर्निचर, इन्फर्मेशन, इक्विपमेंट, लगेज हेही असेच एकवचनी. मराठीतली ‘माहिती’ही एकवचनीच आहे, तिच्यासारखे ‘इन्फर्मेशन’ वापरले की झाले.

इथवरच्या बहुतेक चुकांनी वाचणारा फार तर अडखळतो. काही चुका मात्र खिशाला भोक पाडतात. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे आणि टॉवेल परदेशी जातो. ‘सोमवारपर्यंत माल पाठवा’ या वाक्यातला ‘पर्यंत’ इंग्रजीत दोन रस्त्यांनी जातो. ‘बाय मंडे’ म्हणजे सोमवारच्या आत कधीही एकदा. ‘टिल मंडे’ म्हणजे सोमवार येईतो सतत पाठवत राहा. ऑर्डरमध्ये एकाच्या जागी दुसरा पडला तर माल आणि तारीख दोन्हींचा घोळ. ‘शंका’ हा शब्दही असाच. आपल्याला शंका ‘विचारायची’ असते, म्हणून आपण ‘आय हॅव अ डाउट अबाउट युवर इनव्हॉइस’ लिहितो. लंडनच्या खरेदीदाराला त्याचा अर्थ ‘तुमच्या बिलावर माझा विश्वास नाही’ असा लागतो. तिथे ‘क्वेश्चन’ हवा. आणि बिलातला आकडा लाखांत लिहिला तर तो भारताबाहेर फारशा कुणाला उमगत नाही. १,५०,००० हा स्वल्पविरामही तिथे १५०,००० असा सरकतो.

स्वल्पविरामाची गोष्ट निघालीच आहे तर तीही सांगायला हवी. जुन्या मराठी लिखाणात दंडापलीकडे विरामचिन्हे नव्हती. स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह ही सगळी मंडळी इंग्रजीतून आली. ती मराठीत रुजवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक त्यांचेच. कॅपिटल अक्षरे मात्र आली नाहीत, कारण देवनागरीत अक्षरांना थोरली-धाकटी पाती नाहीत. इंग्रजी लिहिताना वारांची, महिन्यांची आणि गावांची पहिली अक्षरे बारीक राहतात ती त्यामुळेच.

मराठी आणि इंग्रजी यांचा हा शेजार दोनशे वर्षांचा होत आला. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले तेच दोन्ही भाषांत, मजकूर शेजारी शेजारी लावून. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. मराठी वाक्य, त्याखाली इंग्रजी वाक्य, अशी तिची रीत. पुढे ‘तर्खडकरी इंग्रजी’ हा टिंगलीचा शब्द झाला, कारण तिच्यात वाढलेला माणूस आधी मराठीत वाक्य तयार करून मग त्याला इंग्रजी सदरा घालतो. त्यानंतर रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण घरोघरी पोहोचले. त्यातले पी. सी. रेन हे भारतात शिक्षणखात्यात काम केलेले गृहस्थ, आणि १९२४ मध्ये आलेल्या ‘बो जेस्ट’ या गाजलेल्या कादंबरीचे लेखकही. २००० सालापासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आले. त्याआधी ते पाचवीत भेटत असे.

अभ्यासकांनीही या चुकांकडे हळूहळू वेगळ्या नजरेने पाहायला सुरुवात केली. मराठीतले भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांनी १९५७ मध्येच ‘मराठी इंग्लिश’ या नावाने मराठी माणसाच्या इंग्रजी उच्चारांवर निबंध लिहिला होता. मराठी वळण हा अभ्यासाचा विषय आहे, हे त्यातून पुढे आले. १९६७ मध्ये पिट कॉर्डर यांनी चुकांचे दोन भाग केले. एक हातून घडलेली घसरण: थकवा, घाई, एखादे अक्षर राहणे. अशी चूक माणूस स्वतःच पुन्हा वाचताना पकडतो. दुसरी पद्धतशीर चूक, जी शिकणाऱ्याच्या डोक्यात बसलेल्या नियमातून येते. ही त्याला शंभरदा वाचूनही दिसत नाही, कारण त्याच्या नियमाप्रमाणे ती बरोबरच असते. ‘फ्रॉम थ्री इयर्स’ ही दुसऱ्या जातीची. तिच्यावर लाल रेघ मारून भागत नाही, तिच्या मागचा ‘पासून’ दाखवावा लागतो.

तेव्हा दुरुस्तीला बसताना तीन ढीग करावेत. पहिल्यात अर्थ फिरवणाऱ्या चुका: टिल आणि बाय, डाउट आणि क्वेश्चन, गिव्ह आणि टेक. या आधी काढायच्या. दुसऱ्यात व्याकरणाच्या: दो-बट, फ्रॉम-सिन्स, टेल टू. या त्यानंतर. तिसऱ्या ढिगात भारतीय इंग्रजीचे हक्काचे शब्द पडतात आणि त्यांना हात लावायचे कारण नाही. बैठक अलीकडे आणली हे सांगायला ‘प्रीपोन’ इतका सोयीचा शब्द इंग्रजांकडे नव्हता, आता तो ऑक्सफर्डच्या कोशात आहे. ‘कझिन ब्रदर’ला इंग्रज नाक मुरडेल, पण त्याच्या ‘कझिन’मध्ये भाऊ की बहीण तेही कळत नाही. ज्या भाषेत चुलत, मावस, आते आणि मामे अशी चार दालने आहेत तिला तो शब्द तोकडा वाटणारच. इंग्रजीची अनेक रूपे असू शकतात हे काश्मिरात जन्मलेले भाषाशास्त्रज्ञ ब्रज कच्रू यांनी जगाला पटवून दिले. मात्र कागद परदेशी जाणार असेल तर ‘प्रीपोन’ही बदलावा, कारण वाचणाऱ्याला कळावे म्हणूनच तो लिहिलेला असतो.

संगणकावरची दुरुस्तीची साधने पहिल्या ढिगात कमी पडतात. ‘सेंड द गुड्स टिल मंडे’ हे व्याकरणात बसणारे वाक्य आहे. आपल्या मनात ‘सोमवारच्या आत’ होते हे यंत्राला कसे कळणार? तिथे उपयोगी पडते ती तर्खडकरांची पद्धत, पण उलट्या दिशेने. इंग्रजी वाक्य लिहून झाले की त्याखाली आपल्या मनातले मराठी वाक्य लिहावे आणि त्यात पाच गोष्टी शोधाव्यात: पासून, पर्यंत, ला, च आणि जरी-तरी. त्यातली एखादी सापडली, की इंग्रजी वाक्यातली नेमकी तीच जागा पुन्हा तपासावी. मग मोठ्याने वाचावे, आणि जे शब्द काढूनही अर्थ तोच राहतो ते काढावेत.

कुंभारीच्या त्या मुलीचा अर्ज या चाळणीतून गेला की असा उरतो: ‘आय हॅव बीन वर्किंग इन अ टॉवेल फॅक्टरी फॉर थ्री इयर्स. आय हॅव पास्ड द ट्वेल्थ स्टँडर्ड, अँड आय नो हाऊ टू यूज अ कॉम्प्युटर. आय पास्ड द टायपिंग एक्झाम इन २०२२. प्लीज लेट मी नो व्हेन द इंटरव्ह्यू इज.’

पाचवे वाक्य लागलेच नाही. त्याच्या जागी फोन नंबर लिहावा. अर्जात तो बहुतेकदा राहून जातो, आणि मुलाखतीचा निरोप तर त्याच नंबरावर यायचा असतो.